यवन म्हणजे कोण?



आज मी तुमच्याशी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द जुना आहे, अडीच हजार वर्षांचा तरी. आपल्या लेण्यांत तो कोरलेला आहे, कालिदासाच्या नाटकात आहे, बखरींत आहे आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यांतही आहे. तो शब्द म्हणजे 'यवन'.

निमित्त घरातलंच झालं. माझी धाकटी मुलगी आठवीत शिकते. तिच्या वर्गाने एक ऐतिहासिक नाटुकलं बसवायला घेतलं होतं. त्यात 'यवन सरदारा'चं एक काम होतं. ते करायला कोणी तयार होईना, तेव्हा बाईंनी सहज म्हटलं, "तू कर, तुला शोभेल." बाईंच्या मनात वाईट काही नसावं. पण मुलगी घरी आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "अब्बा, यवन म्हणजे आपण का?"

मला एकदम माझी सातवी आठवली. आर्वी तालुक्यातली आमची शाळा, पत्र्याचं छत, बाहेर पऱ्हाटीचं वावर. गुरुजी इतिहासाचा धडा वाचत होते. 'यवन' हा शब्द आला आणि पुढच्या बाकावरचा माझा जिवलग दोस्त मागे वळून म्हणाला, "तू बी यवनच ना बे?" वर्ग हसला, मीही हसलो. घरी जाऊन नानांना विचारलं. आमचे नाना हकीम होते. ते पडवीत बसून कसलीशी मुळी कुटत होते. म्हणाले, "यवन? होगा कुछ. तू पहले वो बरनी पोंछ."

ती बरणी मला अजून आठवते. चिनी मातीची, निळ्या काठाची. तिच्यावर उर्दूत लिहिलं होतं, 'जवारिश जालीनूस'. पोटाच्या तक्रारींवरचं ते औषध. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या बरणीवरच लिहिलेलं होतं, हे नानांना ठाऊक नव्हतं. मलाही ते बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा कळलं.

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी ग्रीक लोकांची नगरं होती. त्या भागाला आयोनिया म्हणत. इराणी सम्राटांचा ग्रीकांशी पहिला संबंध आला तो या आयोनियावाल्यांशी. म्हणून जुन्या इराणी भाषेत सगळ्याच ग्रीकांना 'यौन' म्हणू लागले. तोच शब्द प्राकृतात 'योन' आणि 'योनक' झाला, संस्कृतात 'यवन' झाला. अरबी-फारसीत त्याचंच 'युनान' झालं. युनानचं वैद्यक ते युनानी. म्हणजे वर्गात ज्या शब्दाने मला हसले तो शब्द आणि नानांच्या दवाखान्याच्या पाटीवर अभिमानाने रंगवलेला 'युनानी' हा शब्द, दोघे एका आईची लेकरं. एक संस्कृतच्या वाटेने आला, एक अरबीच्या वाटेने. दोन्ही वाटा आमच्या घराच्या पडवीत येऊन मिळाल्या, पण एकमेकांना ओळखलं नाही.

मग हे खरे यवन होते तरी कोण? सिकंदर सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे तर घरोघरी एखादा सिकंदर असतोच. इ.स.पू. 326 मध्ये तो पंजाबात बियास नदीपर्यंत आला. सैन्य पुढे जायला तयार नव्हतं, म्हणून परतला. इ.स.पू. 323 मध्ये बाबिलोन शहरात वारला, तेव्हा तो अवघा 32 वर्षांचा होता. त्याच्या मागे गादी सांभाळणारं कर्तं माणूस नव्हतं. भाऊबंदकी कशी असते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. सिकंदराचे सरदार पुढची कित्येक वर्षं आपसात लढले आणि त्यातून मोठी घराणी उभी राहिली. इजिप्तमध्ये टॉलेमीचं घराणं बसलं. बाबिलोन, सीरिया आणि इराणच्या मुलखावर सेल्युकसचं घराणं आलं. मूळच्या मॅसिडोनियात अँटिगोनसच्या वंशजांनी जम बसवला. थोडं पुढे आशिया मायनरमध्ये पर्गमम नावाच्या नगरात अ‍ॅटलसचं घराणं उदयाला आलं. टॉलेमीच्या घराण्यातली शेवटची राणी म्हणजे क्लिओपात्रा. ती इ.स.पू. 30 मध्ये गेली आणि तिच्याबरोबर हा तीनशे वर्षांचा काळ संपला, असं इतिहासकार मानतात.

या राजांनी लढाया पुष्कळ केल्या. पण जग त्यांना विसरलं नाही ते त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांमुळे. टॉलेमीच्या अलेक्झांड्रिया शहरात म्यूज या विद्यादेवतांच्या नावाने एक विद्यापीठ होतं. आपला 'म्युझियम' हा शब्द तिथला. त्याला जोडून जगातलं सर्वांत नामांकित ग्रंथालय होतं. तिथे एराटोस्थेनिसने दोन गावांतल्या दुपारच्या सावल्यांचा फरक मोजला आणि त्यावरून अख्ख्या पृथ्वीचा घेर काढला. त्याच शहरात हिरोफिलस नावाचा वैद्य होता. तो पाण्याच्या घड्याळावर रोग्याची नाडी मोजत असे. नाना नब्ज बघताना डोळे मिटायचे, ओठ किंचित हलायचे. घड्याळ त्यांच्या मनात होतं. पण त्या बोटांमागची विद्या कुठून कुठून चालत आली होती, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं झालं. आपल्या वर्ध्याचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे.

सेल्युकसने इ.स.पू. 303 च्या सुमाराला चंद्रगुप्त मौर्याशी तह केला. सिंधूच्या पलीकडचा मोठा मुलूख त्याने मौर्यांना दिला आणि बदल्यात 500 हत्ती घेतले. मेगॅस्थेनिस हा त्याचा वकील पाटलीपुत्राला येऊन राहिला. चंद्रगुप्ताचा नातू अशोक. कलिंगच्या युद्धानंतर त्याने जे शिलालेख कोरवले, त्यांतल्या तेराव्या लेखात तो म्हणतो की माझ्या धम्माचा संदेश दूरदूरच्या राजांपर्यंत पोचला आहे. मग तो पाच यवन राजांची नावं घेतो: अंतियोक, तुरमय, अंतिकिनी, मक आणि अलिकसुंदर. अंतियोक म्हणजे सेल्युकसचा नातू अँटिओकस. तुरमय म्हणजे इजिप्तचा दुसरा टॉलेमी. अंतिकिनी मॅसिडोनियाचा, मक उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनीचा. अलिकसुंदर हा एपिरसचा अलेक्झांडर असावा असं बहुतेकांचं मत आहे. परदेशी नावं आपल्या जिभेवर कशी वळतात बघा. टॉलेमीचा तुरमय झाला. आमच्या गावात 'अब्दुल रज्जाक'चा 'रजाक्या' होतो, तसंच.

आणि याच लेखात, या राजांच्या पाठोपाठ, अशोक आपल्या राज्यातल्या लोकांची नावं सांगतो. त्यात 'भोज' आहेत. भोज म्हणजे आपल्या विदर्भाकडचे लोक, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे इजिप्तचा राजा आणि विदर्भाचा माणूस एकाच दगडावर, काही ओळींच्या अंतराने उभे आहेत.

अशोकाचे लेख ग्रीक भाषेतही आहेत. 1958 साली अफगाणिस्तानात कंदाहारला एक शिलालेख सापडला. त्यात अशोकाचं म्हणणं ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत लिहिलेलं आहे. 'धम्म' या शब्दासाठी ग्रीक अनुवादकाने 'युसेबेइया' हा शब्द वापरला. देवाधर्माविषयीचा आणि वडीलधाऱ्यांविषयीचा आदरभाव, असा त्याचा अर्थ. मी उर्दूतून मराठीत थोडेफार अनुवाद केले आहेत. एका शब्दासाठी रात्र जाते. त्या अनामिक अनुवादकाची रात्र कशी गेली असेल, असं मला नेहमी वाटतं.

आता आपल्या नदीकडे येऊ. वर्धा नदीचं जुनं नाव वरदा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'ची नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या. नायक अग्निमित्र हा विदिशेत राज्य करणारा, शुंग घराण्यातल्या पुष्यमित्राचा मुलगा. नाटकाच्या पाचव्या अंकात विदर्भाच्या गादीवरून भांडणारे दोन चुलतभाऊ आहेत. अग्निमित्र त्यांच्यात राज्य वाटून देतो आणि हद्द ठरवतो वरदा नदीची. एकाने एका तीरावर राहावं, दुसऱ्याने दुसऱ्या. म्हणजे आपली वर्धा ही त्या नाटकातली बांधावरची नदी. आणि त्याच अंकात पुष्यमित्राचं पत्र येतं. अश्वमेधाचा घोडा यवनांच्या घोडदळाने सिंधूच्या काठावर अडवला होता आणि नातू वसुमित्राने लढून तो सोडवला, असं त्यात लिहिलेलं आहे. वर्धा नदी आणि यवन, दोघांची गाठ कालिदासाने एकाच अंकात घालून दिली आहे. यवन तिथे शत्रू आहेत. शूर शत्रू, तोलामोलाचे.

हे यवन आले कुठून? सेल्युकसच्या घराण्याचा पूर्वेकडचा सुभा म्हणजे बॅक्ट्रिया, आजच्या अफगाणिस्तानचा उत्तर भाग. इ.स.पू. 250 च्या आसपास तिथला सुभेदार डायोडोटस स्वतंत्र झाला. पुढे युथिडेमस आणि त्याचा मुलगा डिमिट्रियस हे राजे झाले. डिमिट्रियसने हिंदुकुश ओलांडला. त्याच्या नाण्यावर तो हत्तीच्या मुखवट्याचं शिरस्त्राण घालून दिसतो. आमू दर्याच्या काठी आय खानूम नावाच्या जागी फ्रेंच उत्खननकर्त्यांनी 1978 पर्यंत खोदकाम केलं. तिथे त्यांना एक पूर्ण ग्रीक नगर मिळालं, नाट्यगृह आणि जिम्नॅशियमसकट. जिम्नॅशियम म्हणजे आपला आखाडा आणि पाठशाळा एकत्र असं समजा. तिथेच अ‍ॅगॅथोक्लिस या यवन राजाची चांदीची नाणी मिळाली. त्यांच्यावर एका बाजूला वासुदेव कृष्ण आहे, दुसऱ्या बाजूला बलराम.

कृष्णाचं नाव निघालं की आपण वैदर्भीय लोक जरा ताठ बसतो. रुक्मिणी आपली, कौंडिण्यपूरची. कौंडिण्यपूर वर्धा नदीच्याच काठावर आहे, आर्वीहून फार लांब नाही. तेव्हा कृष्ण आपला जावई. आता ऐका. विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब उभा आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. त्याच्यावर ब्राह्मी लेख आहे. तक्षशिलेचा यवन राजा अँटिआल्किडस याने आपला वकील भागभद्र राजाकडे पाठवला होता. त्या वकिलाचं नाव हेलिओडोरस, वडिलांचं नाव डिऑन. हा हेलिओडोरस स्वतःला 'भागवत' म्हणवतो, आणि देवदेव वासुदेवासाठी आपण हा गरुडध्वज उभारला असं लिहून ठेवतो. म्हणजे विदर्भाच्या जावयाच्या नावाने आजही उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या दगडी खांबांपैकी एक, एका यवनाने उभारला.

अशा यवनांतला सर्वांत मोठा राजा मिनँडर. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्याला त्याचं राज्य होतं, राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचं सियालकोट. त्याच्या नाण्यांच्या एका बाजूला ग्रीक अक्षरं आहेत, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. राजा एक, नाणं एक, भाषा दोन, आणि दोन्ही त्याच्याच. नागसेन नावाच्या भिक्खूशी त्याने केलेली प्रश्नोत्तरं 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहेत. राजा रथातून आला होता. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो. माणसाच्या नावाचंही तसंच, असं नागसेन त्याला दाखवून देतो. राजाला राग येत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो.

हा मिलिंद आपल्या घरात आला आहे. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, आणि मराठी घरांतून त्या अर्थानेही हे नाव ठेवलं जात असे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढलं. त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय आणि परिसराचं नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघांनाही त्यांनी एका आवारात आणलं. 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर आपल्या वर्धा-नागपूर भागात किती मिलिंद जन्मले असतील त्याची गणती नाही. माझ्या वर्गातच दोन होते. मागे वळून मला "तू बी यवनच ना बे?" म्हणणारा तो दोस्त, त्याचंही नाव मिलिंदच. अस्सल यवन राजाचं नाव त्याचं होतं, आणि यवन मला म्हणत होता! पुढे मोठेपणी मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आपल्या सह्याद्रीत तर यवनांची सही-शिक्क्यानिशी नोंद आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब वेगवेगळ्या लोकांनी दान दिले. त्यात धेनुकाकट या गावच्या यवनांचे खांब आहेत. एकाचं नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. दुसऱ्याचं यसवधन, यशोवर्धन. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. नाशिकच्या पांडवलेण्यांत एक अख्खं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने दिलं. तो स्वतःला उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा म्हणवतो, आणि दत्तामित्री हे डिमिट्रियसच्या नावाचं नगर असावं. त्याच टेकडीवर दुसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिचा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा म्हणते. एकाच डोंगरात एका लेण्यात यवनांचा संहार आहे, दुसऱ्यात यवनाचं दान आहे. दोन्ही खरं आहे. इतिहास असाच असतो, त्यातलं एकच लेणं दाखवून दुसऱ्याला कुलूप लावता येत नाही.

कार्ल्याचे हे यवन रक्ताने ग्रीक होते की पश्चिमेकडून आलेल्या कुठल्याही व्यापाऱ्याला तेव्हा यवन म्हणत, यावर विद्वानांत वाद आहे. वाद असू द्या. त्यांची नावं इथली झाली होती, दान इथलं होतं, एवढं दगडावर आहे.

शब्दही मागे राहिले. ज्योतिषातला 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंट्रॉन'वरून आला. 'होरा' हाही ग्रीकच. 'दाम' आला तो 'ड्राक्मा' या नाण्यावरून. 'कलम' हा शब्द आम्ही अरबी समजतो, पण अरबीत तो ग्रीक 'कॅलॅमॉस'वरून, म्हणजे बोरूवरून, आला. म्हणजे मी आकाशवाणीच्या केंद्रावर येतो, कलमेने लिहिलेलं वाचतो आणि त्याचे चार दाम घेतो, यातले तीन शब्द यवनांचे आहेत. आपल्यापैकी कोण यवन नाही, ते आता तुम्हीच सांगा.

मग हा शब्द मुसलमानांना कसा चिकटला? सुरुवातीला चिकटला नव्हता. पालघर जिल्ह्यात चिंचणीला इ.स. 926 चा एक ताम्रपट सापडला आहे. राष्ट्रकूट राजाने संजाणचा कारभार ज्याच्याकडे सोपवला होता, त्याचं नाव त्यात मधुमती असं आहे. मधुमती म्हणजे मोहम्मद. त्याला ताम्रपट 'ताजिक' म्हणतो, म्हणजे अरब. या ताजिक अधिकाऱ्याने लोकांसाठी मोफत तरी सुरू केली, अन्नछत्र घातलं, आणि त्याच्याच काळात तिथल्या मठाला जमीन मिळाली. पुढे उत्तरेकडून तुर्क सुलतानांच्या फौजा आल्या. संस्कृत लेखकांनी त्यांना तुरुष्क म्हटलं, शक म्हटलं आणि यवनही म्हटलं. पश्चिमेकडून घोड्यावर येणारा तो यवन, असा जुना साचा तयारच होता, त्यात नवा माणूस बसवला. बखरकारांनी तो शब्द उचलला आणि बखरींतून तो शाळेत आला. या फौजांनी लढाया केल्या, माणसं मारली, देवळं पाडली, हेही दगडावर आणि कागदावर आहे. मी ते नाकारणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या फौजांचा हिशोब एखाद्या हकिमाच्या नातवाकडून सातवीच्या वर्गात मागायचा नसतो.

आणि खऱ्या यवनांची विद्या कोणी जपली, तेही सांगायला हवं. नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती विद्वान आणि त्याचे सहकारी ग्रीक ग्रंथ अरबीत आणत होते. अरिस्टॉटलचा अरस्तू झाला, हिपोक्रेटिसचा बुकरात झाला आणि गॅलेनचा झाला जालीनूस. होय, नानांच्या बरणीवरचा तोच जालीनूस. हा गॅलेन जन्मला पर्गममला. मघाशी सांगितलेल्या अ‍ॅटलसच्या घराण्याची ती राजधानी, तिथलं वैद्यकाच्या देवाचं मंदिर नावाजलेलं होतं. राजे जाऊन तीनेकशे वर्षं झाली होती, पण नगरातली विद्या जिवंत होती. गॅलेन पुढे अलेक्झांड्रियालाही शिकला. पर्गमम, अलेक्झांड्रिया, बगदाद, दिल्ली आणि मग आर्वी तालुक्यातली एक पडवी. त्या बरणीतून नाना मारवाड्याच्या सुनेला औषध देत, तेल्याच्या म्हाताऱ्याला देत, बौद्धवाड्यातल्या पोराला देत. कुणी विचारलं नाही, हे औषध कोणत्या धर्माचं.

श्रोतेहो, मी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात सूत्रसंचालकाने माझी ओळख करून दिली, "यवन असूनही यांचं मराठी किती शुद्ध!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळं तेव्हाही मला माहीत होतं. मला उत्तर देता आलं असतं. मी दिलं नाही. हसून माईकपुढे गेलो, कविता वाचली आणि घरी आलो. सातवीतलं ते हसू चाळीस वर्षांनीही तोंडावर तसंच होतं. गप्प राहण्यात शहाणपण आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मुलीने प्रश्न विचारला तेव्हा ती समजूत गळून पडली. मी गप्प राहिलो म्हणून तो शब्द तिच्यापर्यंत तसाच गेला.

म्हणून मी तिला दिवाळीच्या सुट्टीत कार्ल्याला घेऊन गेलो. चैत्यगृहात अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. वर लाकडी कमानी, दोन्ही बाजूंना खांबांची रांग. खांबांवरची ब्राह्मी अक्षरं मी तिला दाखवली. सिहधयाचा लेख जेमतेम चारपाच शब्दांचा आहे. आधी गावाचं नाव: धेनुकाकटचा. मग यवन. मग स्वतःचं नाव. आणि शेवटी: खांब, दान. तिने तो क्रम बोटांवर मोजला. म्हणाली, "अब्बा, तो गाव आधी सांगतो."

मी म्हटलं, "हो. आधी गाव, मग तो कोण ते, मग नाव, आणि मग काय दिलं ते."

नाटुकल्यातलं काम तिने केलं. नाही म्हणाली नाही. पण बाईंना विचारून एक वाक्य वाढवून घेतलं. रंगमंचावर आल्या आल्या तिचा सरदार आपलं गाव सांगतो. बाईंनी होकार दिला, आणि तालमीच्या वेळी मुलांना कार्ल्याची गोष्टही तिलाच सांगायला लावली.

तुम्हाला माझी ओळख कुठे करून द्यायची वेळ आली, तर त्या खांबावरचा क्रम पाळा एवढीच विनंती आहे. वर्धा जिल्ह्यातला, मुसलमान, मग माझं नाव, आणि शेवटी मराठीत चार कविता.

नमस्कार. खुदा हाफिज.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)